चेहरा नसलेली साक्ष

१

"काल माझ्या भावाला घरातून उचललं," झिलान म्हणाली आणि आमच्या पेल्यांत चहा ओतत राहिली.

कुर्द माणसं चहा छोट्या काचेच्या पेल्यातून पितात, साखरेचा खडा दातांत धरून. शेरकोने खडा नुकताच तोंडात टाकला होता. तो त्याला गिळताही येईना आणि थुंकताही येईना.

"कोणी उचललं?" मी विचारलं.

"ज्यांनी माझ्या नवऱ्याला मारलं, त्यांनीच."

मी चाटच पडले. नवरा तिकडे व्हिसाची वाट बघतोय, असं झिलान आम्हा सगळ्यांना सांगत आली होती. बोटात अंगठी होती, फोनवर दोघांचा फोटो होता. ती विधवा आहे हे मला त्या दुपारी, त्या चहाबरोबर कळलं.

आम्ही बसलो होतो ते कुर्द मानवाधिकार मंचाचं ऑफिस, म्हणजे ओहायोतल्या डब्लिनमध्ये एका टॅक्सवाल्याच्या वरची भाड्याची खोली. मंच चालवतो शेरको. पोटापाण्यासाठी तो दातांचा डॉक्टर. रविवारी चर्चमध्ये, लायब्ररीत, कॉलेजात जाऊन तो अमेरिकन लोकांना सांगत फिरतो, की कुर्द नावाची माणसं आहेत, चार देशांत वाटली गेली आहेत आणि त्यांचे हाल कुत्रा खात नाही. त्या चारांपैकी झिलानचा देश कोणता, त्याने या गोष्टीत काही फरक पडत नाही.

मी प्रणिता. नागपूरची. एका विमा कंपनीत खोटे क्लेम पकडते, आणि त्यात माझा हात धरणारा कोणी नाही. आमच्या आंबेडकरी मंडळींनी एका चौदा एप्रिलला शेरकोला भाषणाला बोलावलं होतं. तो बोलायला लागला आणि मला वाटलं, हा आपल्याच वस्तीतलं सांगतोय. तेव्हापासून मी मंचाचीच झाले.

वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन संसदेच्या एका समितीपुढे कुर्दांच्या प्रश्नावर सुनावणी व्हायची होती. तिथे दाखवायला झिलानची साक्ष जानेवारीत रेकॉर्ड केली होती. ती कुर्दीत बोलली होती आणि बेरिवान नावाच्या मुलीने तिथल्या तिथे इंग्रजी करून सांगितलं होतं. नंतर तिचा चेहरा काळा केला, आवाज बदलला, आणि नवरा, गाव, भाऊ, ज्यावरून ओळख पटेल ते सगळं कापून टाकलं. कापलेली साक्ष मी पाहिली होती. ती अजून बाहेर कुणालाही दाखवलेली नव्हती.

"त्यांनी माझ्या भावाला, दिलोवानला, एकच विचारलं," झिलान म्हणाली. तिचं इंग्रजी मोडकं आहे, पण त्या दिवशी एक शब्द अडला नाही. "खोक्यांचे फोटो कुठे आहेत? आई शेजारीच उभी होती."

"कसली खोकी?"

"माझा भाऊ वायरमन आहे. चौकातल्या खांबांवर कॅमेरे बसवायला त्याला नेलं होतं. चेहरे ओळखणारे कॅमेरे. मोर्चातल्या गर्दीतून त्यांनीच माझ्या नवऱ्याला शोधून काढलं. चौथ्या दिवशी प्रेत दिलं. कॅमेऱ्यांची खोकी अमेरिकेतून आली होती, दिलोवानने त्यांचे फोटो काढून ठेवले होते. हे मी फक्त त्या रेकॉर्डिंगमध्ये बोलले. आणि ते पूर्ण रेकॉर्डिंग या खोलीतल्या तिघांनी ऐकलंय."

तिने एकेकाकडे पाहिलं. शेरको, ज्याने प्रश्न विचारले. बेरिवान, जिने भाषांतर केलं. आणि सिद्धेश, आमच्या पुण्याकडचा पीएचडीचा विद्यार्थी, ज्याने शूटिंग आणि कापाकापी केली.

"प्रणिता, तू चोर पकडतेस ना? मला न्याय नको. न्याय फार हळू चालतो. मला नाव काढून दे."

"नाव मिळाल्यावर काय करशील?"

तिने किटली खाली ठेवली. "ते तुला सांगणार नाही."

२

पहिल्यांदा मी शेरकोला धरलं, कारण बेरिवानने दुसऱ्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, की ख्रिसमसच्या सुमारास शेरको शिकागोला त्यांच्या देशाच्या दूतावासाच्या कचेरीत जाऊन आला होता. आम्हाला त्याने तेव्हा सांगितलं होतं, दातांच्या डॉक्टरांची कॉन्फरन्स आहे.

दवाखान्यात दोन पेशंटच्या मधे त्याने मला खुर्चीत बसवलं. पेशंटच्याच खुर्चीत, दिवा तोंडावर. मी दिवा बंद करायला लावला.

"शिकागोत कसली कॉन्फरन्स होती?"

तो खोटं बोलला नाही. "आई आजारी होती. मी गेलो असतो तर विमानतळावरच पकडलं असतं. म्हणून विचारायला गेलो, येऊ द्याल का."

"मग?"

"म्हणाले, जरूर या. फक्त सुनावणीत कोण कोण बोलणार आहे ते सांगा."

"आणि तू?"

"आई मागच्या आठवड्यात गेली." त्याने हातमोजे काढून कचऱ्यात टाकले. "मी इथेच आहे."

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. विकणारा माणूस मोबदला घेतल्याशिवाय राहत नाही. शेरकोला हवं होतं ते एकच, आणि ते त्याला मिळालं नव्हतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पुढचा पेशंट आत आला, आणि शेरको त्याला 'आ करा' म्हणाला.

३

बेरिवान कोलंबसच्या एका दुकानात काम करते. नवीन लग्न झालेली, नवऱ्याची सगळी माणसं तिकडे. दबाव आणायचा तर तिच्याइतकी सोपी मुलगी नाही. तिनेच मला शेरकोच्या मागे लावलं, हेही माझ्या डोक्यात होतं.

"सासऱ्यांना चौकशीला नेलंय," मी काही विचारायच्या आत ती म्हणाली. "ज्या दिवशी दिलोवानला उचललं, त्याच दिवशी. त्यांना म्हणाले, तुमच्या सुनेचा आवाज फार छान आहे. भाषांतर छान करते."

मग ती रडायला लागली. झिलानचा आवाज बदलायचं सगळ्यांच्या लक्षात होतं. पूर्ण रेकॉर्डिंगमध्ये बेरिवानचा स्वतःचा आवाज मात्र तसाच होता. ते देणारी ती असती, तर आधी आपला आवाज तिने पुसला असता. म्हणजे तीही नव्हे.

एक मात्र पक्कं झालं. कोणी ऐकलेलं नुसतं तोंडी सांगितलं नव्हतं. रेकॉर्डिंग जसंच्या तसं तिकडे पोचलं होतं.

तिला जरा शांत करावं म्हणून मी विषय बदलला. "नीलांबरीताईंच्या हळदीकुंकवाला गेली होतीस म्हणे. कसं वाटलं?"

डोळे पुसत ती हसली. "मजा आली! माझ्या कपाळाला लाल लावलं, पिवळं लावलं. मग कवितेत नवऱ्याचं नाव घ्यायला लावलं. मी कुर्दीत घेतलं. शेजारच्या कॅथीने पण घेतलं, तिचे तर तीन नवरे झालेत, ती म्हणाली कोणाचं घेऊ?"

मी हसले. मी स्वतः गेले नव्हते. हळदीकुंकवाला मी जात नाही, आणि नीलांबरीताईंना ते माहीत आहे.

आता उरला सिद्धेश. आणि तो त्याच नीलांबरीताईंच्या तळघरात भाड्याने राहत होता.

४

नीलांबरीताई आणि अवधूत हे आमच्या गावातलं आदर्श मराठी जोडपं. दोघंही पन्नाशीतले. त्या बँकेत, तो इमारतींच्या सुरक्षेची यंत्रं विकणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, सारखा दुबईला. गणपती त्यांच्याकडे, दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे, नव्याने आलेल्या पोरांना स्वस्तात खोली त्यांच्याकडे. मंचाचं काम सिद्धेशकडून कळलं तेव्हा शूटिंगसाठी चांगला कॅमेरा आणि दिवे अवधूतनेच आणून दिले होते. 'माणुसकी म्हणून,' असं म्हणाला होता.

मी गेले तर ताईंनी आधी पोह्यांची बशी हातात दिली.

"झिलानच्या भावाचं कळलं गं. बिचारी! आधीच केवढं भोगलंय तिने."

"प्रणिता, तू पोलिसांवर सोड," अवधूत लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाला. "इंटरनॅशनल मॅटर आहे. उगाच तुझ्या जॉबला प्रॉब्लेम व्हायचा."

मी पोहे संपवले आणि खाली गेले. सिद्धेशचा चेहरा पिठासारखा पांढरा.

"प्रणिताताई, आईशप्पथ मी नाही. माझा एफ-वन व्हिसा आहे. मला डिपोर्ट केलं ना, तर बाबा..."

"रडू नकोस. रेकॉर्डिंग कुठे होतं?"

"माझ्या लॅपटॉपवर. पासवर्ड आहे. लॅपटॉप मी बाथरूमला जाताना पण लॉक करतो, यार. कुणाला काही बोललो नाही. काका-काकूंना पण नाही. झिलानबद्दल तर एक शब्द नाही."

"पेन ड्राइव्ह?"

"नाही दिला."

"लॅपटॉप बिघडला असता तर सगळं गेलं असतं ना?"

"नाही, बॅकअप असतो ना."

तेवढ्यात माझा फोन वाजला. झिलान होती. "मी शेरकोच्या घराबाहेर उभी आहे," ती म्हणाली. "शिकागोचं मला आत्ता कळलं. तू मला नाव दिलं नाहीस. मग मीच घेते."

५

मी गाडी कशी चालवली ते विचारू नका. रस्त्यावर बर्फाचा चिखल होता. झिलान शेरकोच्या अंगणासमोर बाकावर बसली होती, कोटाच्या खिशात हात घालून. खिशात काय आहे ते मी विचारलं नाही. शेरकोची आई गेल्याचं सांगितलं.

"त्याने मला सांगितलं नाही," ती म्हणाली.

"तूही नवऱ्याचं कुणाला सांगितलं नव्हतंस."

"सांगितलं असतं तर त्यांनी मला लगेच ओळखलं असतं. तिथे मोर्चातली विधवा म्हणजे कोण, हे सगळ्या शहराला माहीत आहे. इथे बायका विचारायच्या, नवरा कधी येणार? मी म्हणायची, उन्हाळ्यात. दर वेळी तो उन्हाळ्यात येणार असायचा."

मी तिला गाडीत बसवलं, हीटर लावला. तिला एकटीला घरी सोडायचं नव्हतं, म्हणून बोलतं ठेवलं. इथे कोणाकोणाकडे जातेस, कोण चांगलं वागतं, असलंच काहीतरी. ती म्हणाली, नीलांबरी सगळ्यांत चांगली.

"कशावरून?"

"त्यांच्या त्या बायकांच्या सणाला सगळ्यांना टिळा लावला. बेरिवानला, त्या कॅथीला, सगळ्यांना. सगळ्यांना गाणं म्हणायला लावलं. माझ्यापाशी आली तेव्हा थांबली. मला लावलं नाही, गाणंही नाही. तिळाचा लाडू दिला आणि माझ्यापुढे दोन्ही हात जोडले. एवढा मान तिने दुसऱ्या कुणाला दिला नाही."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

बाबा गेले तेव्हा आम्ही नागपूरला सरकारी क्वार्टर्समध्ये राहत होतो. आमच्या आईने कधी कुंकवाचं अवडंबर माजवलं नव्हतं. बाबासाहेबांनी आम्हाला त्यातून सोडवलं होतं. पण शेजारणींना आम्ही सुटलेले बघवत नव्हते. त्या वर्षीच्या संक्रांतीला त्या करंडा घेऊन आल्या, सगळ्या बायकांना लावलं आणि आईपुढे असेच हात जोडून पुढे सरकल्या. आई हसली होती. मी लहान होते, पण मला त्यांचे डोळे फोडावेसे वाटले होते.

"काय झालं?" झिलानने विचारलं.

"तुला मान दिला नाही," मी म्हणाले. "तुला विधवा म्हणून टाळलं."

तिला अर्थ समजायला क्षणभर लागला. मग तिनेच तो प्रश्न विचारला, जो मला विचारायचा होता.

"पण तिला कसं माहीत?"

६

मी तिथल्या तिथे सिद्धेशला फोन लावला.

"बॅकअप कुठे जातो रे तुझा?"

"काकांच्या मशीनवर. त्यांनी घरात सगळ्यांसाठी लावलंय ना, फुकट आहे म्हणाले. आपोआप..." आणि तो थांबला.

रविवारी भर दुपारी मी झिलानला घेऊन गेले. ताईंनी हसून दार उघडलं, चहाला आलं किसायला घेतलं. मी फिरवून विचारत नाही, कामावरही नाही.

"नीलांबरीताई, हळदीकुंकवाला झिलानला कुंकू का नाही लावलंत?"

किसणी थांबली. "अगं, ती मुस्लिम ना. म्हटलं, आवडायचं नाही."

"बेरिवान कोण आहे?"

"मग गर्दीत राहून गेलं असेल."

"राहून जातं त्याच्यापुढे कोणी हात जोडत नाही, ताई. आणि नाव घ्यायला कॅथीलासुद्धा लावलंत. तीन नवरे केलेल्या बाईला! झिलानला नाही. सगळ्या गावाला माहीत होतं, हिचा नवरा उन्हाळ्यात येणार. तुम्हालाच काय ते माहीत होतं, की तो येणार नाही."

"मी मानत नाही गं असलं काही," त्या पुटपुटल्या. "पण हात पुढे जाईना. विधवेला कसं लावणार?"

"ती विधवा आहे हे तेव्हा इथे फक्त त्या पूर्ण रेकॉर्डिंगमध्ये होतं. ऐकलेल्या तिघांपैकी एकानेही तुम्हाला सांगितलेलं नाही. पण ते रेकॉर्डिंग सिद्धेशच्या लॅपटॉपवरून आपोआप तुमच्या घरातल्या मशीनवर येऊन पडलं होतं. कोणी ऐकलं ते?"

ताईंनी फक्त गॅरेजच्या दाराकडे पाहिलं. अवधूत बर्फ काढायचं फावडं हातात घेऊन तिथे उभा होता.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

"अवधूत, तूच मला सांगितलंस ना," ताई म्हणाल्या, "की ती बिचारी विधवा आहे, कॅमेऱ्यांबद्दल काहीतरी बोललीये..."

"गप्प बस."

"कॅमेऱ्यांबद्दल!" मी म्हणाले. "सुरक्षेची यंत्रं, नाही का? तिकडे ते कॅमेरे विकायला इथल्या कायद्याने बंदी आहे. मग ते दुबईला जातात आणि दुबईहून पुढे. तुमच्या दुबईच्या वाऱ्यांचं मी कौतुक करायचे हो, अवधूतदादा."

त्याने फावडं भिंतीला टेकवलं. हातमोजे काढले. मला वाटलं, नाकारेल. पण त्याला उलट राग आला होता, आपल्यावर अन्याय झाल्यासारखा.

"मी काय खून केला? दुबईच्या डिस्ट्रिब्यूटरला क्लिप पाठवली, की बाबा, खोक्यांचे फोटो बाहेर येतायत, सांभाळ. दॅट्स ऑल. त्याने पुढे कुणाला दिली, मला काय माहीत! माझं करिअर, मुलीचं कॉलेज, सगळं एका बाईच्या स्टोरीपायी घालवू?"

मी ते झिलानला इंग्रजीत सांगायला वळले, पण तिला समजलं होतं. तसल्या बोलण्याला भाषा लागत नाही. ती उठली आणि त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. तिचे हात कोटाच्या खिशात होते. मी तिला अडवलं नाही. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी तिने काहीही केलं असतं तरी मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले असते.

ती कुर्दीत एक वाक्य बोलली. अर्थ मला तिने नंतर सांगितला: तुझं घर उजाड होवो. आमच्याकडे बायका बोटं मोडून म्हणतात, तेच.

मला मात्र ताईंचा राग जास्त आला होता. त्यांच्याकडे वळून मी म्हणाले, "हिचा नवरा मेलाय, हे तुमच्या बोटांना बरोबर आठवलं. हिचा भाऊ जिवंत आहे, हे नाही आठवलं?"

ताईंनी किसणी ओट्यावर ठेवली.

"झालं बोलून?" अवधूत म्हणाला. त्याने घसा साफ केला, आणि बघता बघता तो पुन्हा मिटिंगमधला माणूस झाला. "मशीन मी कालच पुसलंय. क्लिप नाही, मेल नाही. मी आत्ता काही बोललोच नाही. तुझ्याकडे प्रूफ काय आहे, प्रणिता? कुंकू? कोर्टात जाऊन कुंकू दाखवणार?"

७

गाडीत झिलान म्हणाली, "डेट्रॉइटला माझ्या नवऱ्याचे चुलत भाऊ आहेत. एक फोन पुरे."

"माहीत आहे."

"तू नको म्हणत नाहीस?"

"मला वाटतं, त्याला तेच हवं असेल. उद्या तो पेपरात छापून आणेल, की कुर्दांनी एका सज्जन माणसाला घरात घुसून मारलं. तुझा दिलोवान मग कायमचा गेला. त्या तुरुंगात तो आत्ता कोणीही नाही. त्याचं नाव आपणच कापून टाकलंय. ज्याला कोणी ओळखत नाही त्याला गायब करायला काय लागतं?"

ती काचेतून बाहेर बघत राहिली. "शेरको म्हणतो, आमचं काम म्हणजे फक्त ओरडणं."

"मग ओरड. तुझा चेहरा आता त्यांना माहीतच आहे. झाकायचा कुणापासून? भावाचं नाव घे, अवधूतचं घे. पण त्यासाठी त्याच्या घरातला एक माणूस लागेल, जो म्हणेल की हो, त्याने दुबईला क्लिप पाठवली हे मला माहीत आहे."

"नीलांबरी बोलणार नाही. नवरा आहे तिचा."

मलाही तसंच वाटत होतं. आठवडा गेला. सुनावणी तोंडावर आली. दिलोवानबद्दल विचारणाऱ्या मंचाच्या पत्राला तिकडच्या सरकारचं उत्तर आलं, की दिलोवान नावाचा कोणी इसम आमच्या ताब्यात नाही. झिलानने ते वाचलं आणि डेट्रॉइटचा नंबर फोनमध्ये काढून समोर ठेवला. मी तो बाजूला केला नाही.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दारात नीलांबरीताई होत्या. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले, हातात घरच्या किल्ल्या तशाच.

"सांगते मी," त्या म्हणाल्या. "त्याने फोनवर दुबईला काय सांगितलं, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. 'बहीण इथे कोलंबसला आहे,' असं म्हणाला होता. मी तेव्हा पोळ्या लाटत होते. लाटतच राहिले." त्यांनी झिलानकडे पाहायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "झोप नाही गं मला."

मला त्यांची दया आली नाही. सिद्धेश कॅमेरा लावायला उठला. तो कॅमेराही अवधूतनेच दिलेला, पण दुसरा आमच्याकडे नव्हता.

ताई खुर्चीत बसल्या, पदर सावरावा तशी शाल सावरली आणि हळूच म्हणाल्या, "सिद्धेश, चेहरा काळा करशील ना रे? आवाजही बदल. आमचं सगळं आयुष्य इथे गेलंय. मराठी मंडळ आहे, माणसं आहेत. माझी मुलगी आहे."

सिद्धेशने माझ्याकडे पाहिलं. मी झिलानकडे. मी तिला ताईंचं म्हणणं इंग्रजीत सांगितलं, एक शब्द न गाळता.

झिलानने मान हलवली.

"नाही," ती म्हणाली.

मग ती उठली, ताईंची खुर्ची त्यांच्यासकट खिडकीकडे वळवली आणि पडदा पूर्ण बाजूला सारला. ताईंच्या तोंडावर दुपारचं ऊन पडलं. त्यांनी डोळे मिटले, उघडले. उठून जातील असं मला वाटलं, पण त्या बसून राहिल्या.

"माझं नाव नीलांबरी," त्यांनी सुरुवात केली.

वॉशिंग्टनला झिलान उघड्या चेहऱ्याने बोलली. रडली नाही. अवधूतचं नाव तिने दोनदा घेतलं, सावकाश, लिहून घेणाऱ्यांना लिहिता यावं म्हणून. समितीच्या अध्यक्षांना दिलोवानचं नाव उच्चारता येईना. ते 'तुमचा भाऊ' म्हणून पुढे जायला लागले, तर तिने त्यांना थांबवलं. "त्याला नाव आहे," ती म्हणाली, आणि नीट म्हणेपर्यंत तिने त्यांना पुढे जाऊ दिलं नाही. तिच्या त्या बोलण्याची क्लिप पुढे कुठे कुठे फिरली, मला माहीत नाही. मंचाच्या वर्षानुवर्षांच्या भाषणांनी झालं नव्हतं ते तेवढ्याने झालं.

एफबीआयची माणसं अवधूतकडे आली आणि घरातली सगळी यंत्रं घेऊन गेली. पुसलेलं परत काढता येतं, हे यंत्रं विकणाऱ्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं. त्याची नोकरी गेली, पासपोर्ट जमा झाला, आणि मंडळातल्या लोकांनी त्याच्याकडे जाणं टाकलं. मला याचा आनंद झाला, तो मी लपवत नाही. ताई आता मुलीकडे राहतात.

दिलोवान नावाचा कोणी इसम आमच्याकडे नाही म्हणणारे, वसंत ऋतू लागता लागता म्हणाले, आहे, आमच्या ताब्यात आहे, रीतसर खटला चालेल. मग आईला भेट दिली. काचेच्या पलीकडे का होईना, त्याला त्यांनी समोर आणून बसवलं. त्याचे पुढचे दात नव्हते.

हे झिलानने मला फोनवर सांगितलं. रडली असेल तर आधीच रडून घेतलं असेल. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं, अवधूतचा खटला कधी उभा राहतो. मी तारीख सांगितली.

"मला पहिल्या रांगेत बसायचंय," ती म्हणाली. "तो वळला की मी दिसले पाहिजे."

तिच्या शेजारची खुर्ची मी माझ्यासाठी धरून ठेवायला सांगितली.